ओहायोच्या काठावरच्या गोट्या

गोटी म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे कोणती येते हो? माझ्यापुढे तरी एकच येते. पाण्यासारखी स्वच्छ काच, आणि तिच्या पोटात निळं किंवा पिवळं पान मुडपून ठेवल्यासारखा रंग. वाण्याच्या बरणीत असायची ती, आणि मुलग्यांच्या अर्ध्या चड्डीच्या खिशात. आमच्या साताऱ्याच्या वाड्यात मुलगे अंगणात गल खणून गोट्या खेळत आणि आम्ही मुली पडवीत सागरगोटे. गोट्या हा मुलींचा खेळ नव्हे असा घरचा कायदाच होता, आणि का नव्हे हे विचारायची सोय नव्हती. दुसरी गोटी भेटायची ती सोड्याच्या बाटलीच्या गळ्यात अडकलेली. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ साली ती बाटली काढली. त्याच्या देशातून ती गेली, पण आपल्याकडे गोटी सोडा अजून मिळतो.

गोटीला कूळ असतं, गाव असतं, जन्मसालही असतं, हे मात्र मला अमेरिकेत आल्यावर कळलं. त्या गावांची आणि ती कुळं ओळखायची कशी याची हकिगत आज तुम्हांला सांगायची आहे.

ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही मॅरिएटा नावाच्या लहानशा गावात राहतो. गाव ओहायो राज्यात, ओहायो नदीच्या काठावर. पूल ओलांडला की पलीकडे वेस्ट व्हर्जिनिया राज्य. कोळशानं भरलेले लांबलचक पडाव नदीतून संथपणे जात असतात, आणि दोन्ही काठांना डोंगर. पावसाळ्यात तर मला क्षणभर आपल्या कृष्णाकाठाचा भास होतो. मुलं शाळेत गेली की आठवड्यातले तीन दिवस मीही एका प्राथमिक शाळेत शिकवायला जाते. बाकी घर, स्वयंपाक, आणि शेजार.

शेजार म्हणजे पलीकडच्या घरातल्या आजी. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण काठी न घेता पायऱ्या चढतात. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांनी मोठं घर सोडून मुलाच्या घराजवळ दोन खोल्यांत जायचं ठरवलं. आवराआवरीला मी अधूनमधून जात होते. आपल्याकडे माळा आवरावा तसं इथे तळघर आवरतात! त्या तळघरातून एक जुनी, जाड काचेची, लोणच्याची असते तशी मोठी बरणी निघाली. काठोकाठ गोट्यांनी भरलेली. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घर बघून गेला होता. त्यानं त्या बरणीचे चाळीस डॉलर देऊ केले होते.

आजी म्हणाल्या, "पैशाचं राहू दे. ही बरणी माझ्या थोरल्या भावाची. तो १९५० साली कोरियाच्या लढाईवर गेला, तो परत आला नाही. पण पुढे माझ्या मुलांनी हीच बरणी खेळायला घेतली, त्यांच्या गोट्या हीत पडल्या. आता त्याच्या कुठल्या आणि मुलांच्या कुठल्या, ते मला कळत नाही. तू शिकवतेस ना? तुला शोधून काढता येईल का?"

सांगा बरं, शिकवण्याचा आणि याचा काय संबंध! पण नाही म्हणवेना. बी. ए. ला माझा इतिहास होता, तेव्हा निदान जुनी गोष्ट कशी तपासावी एवढं ठाऊक होतं. ग्रंथालयातून पुस्तकं आणली, आणि दोन शनिवार काढून आम्ही सगळे गाडीनं निघालो, कारण नशिबानं त्या गोट्यांची जन्मगावं आमच्याच पंचक्रोशीत होती.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. गोटी रंगावरून ओळखायची नसते. नवशिक्या माणसाचं लक्ष आधी रंगाकडे जातं, पण लाल-पांढरी गोटी दहा कारखान्यांनी केली. ओळखायचं ते तिची शिवण बघून. आपण साडी घेताना नुसत्या रंगावर जातो का? काठ बघतो, पदर उलटून धागे बघतो. तसंच हे.

ही शिवण येते कुठून, त्यासाठी गोटी होते कशी ते बघायला हवं. पूर्वी काचेच्या चांगल्या गोट्या जर्मनीतून येत, थुरिंगिया भागातल्या लाउशा गावच्या आसपासहून. कारागीर रंगीत काचेची कांडी तापवून कात्रीसारख्या हत्यारानं एकेक गोटी कापून गोल करी. कांडीपासून तोडल्याची खरखरीत खूण गोटीच्या टोकांना राहून जाई. ती बोटाला लागली तर गोटी हातची, असं समजावं. मग ॲक्रन या ओहायोतल्याच शहरात मार्टिन ख्रिस्टेनसेन नावाच्या डेन्मार्कहून आलेल्या गृहस्थानं यंत्र काढलं. आधी तो बेअरिंगच्या पोलादी गोळ्यांच्या यंत्रांत मुरलेला. तीच युक्ती त्यानं काचेला लावली आणि १९०५ साली त्याला पेटंट मिळालं.

यंत्र म्हणजे काय, तर लाडू वळणं! वितळलेल्या काचेचा गोळा कापून खाली पाडायचा, आणि फिरत्या खोबणीत तो गरगर फिरत फिरत गोल व्हायचा, तोवर निवतही जायचा. पुढच्या यंत्रांत दोन रूळ शेजारी शेजारी फिरतात, त्यांच्यावर मळसूत्री खाचा असतात, आणि गोळे एकामागून एक त्या खाचांतून पुढे सरकतात. माणसाचा हात लागत नाही. पण काच कात्रीनं कापली की कापल्याची जागा राहते. घाटाच्या वाटेवर ढग विरावा तशी ती विरते खरी, पण पुरती नाही. ती जागा म्हणजे शिवण. कोणी कसं कापलं, काच पडताना कशी वळली, यावर ती ठरते, आणि प्रत्येक कारखान्याची तऱ्हा वेगळी.

ख्रिस्टेनसेनच्या कारखान्यात यंत्र अर्धंच होतं. एक माणूस सळईवर तापली काच घेऊन खोबणीवर धरी, ती धारेनं खाली येई, दुसरा कापी. धार पडताना काच गोल वळते, आपण जिलबी घालताना वळते तशीच. म्हणून त्या गोट्यांच्या माथ्यावर इंग्रजी नऊच्या आकड्यासारखं वळण दिसतं आणि खालच्या अंगाला शेपटी. 'स्लॅग' म्हणतात त्या जातीत, म्हणजे रंगीत पारदर्शक काचेत दूध सांडल्यासारख्या पांढऱ्या रेघा असतात त्या गोटीत, ही खूण फार छान दिसते. हा कारखाना १९१७ साली बंद पडला, कारण पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत भट्टीला गॅस मिळेना. म्हणजे 'नऊ आणि शेपटी' स्वच्छ दिसली की गोटी शंभरी ओलांडलेली.

गॅसवरून आठवलं. गोट्यांचे कारखाने ॲक्रनहून आमच्या या नदीच्या खोऱ्यात का आले, तर गॅसमुळेच. वेस्ट व्हर्जिनियात जमिनीतून नैसर्गिक वायू निघे, तो स्वस्त, आणि काचेला लागते ती चांगली वाळूही त्या राज्यात. भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवायची म्हणजे जळणाचा खर्च हाच मुख्य, हे चूल सांभाळणाऱ्या बाईला समजावून सांगायला नको. नदीकाठी काचेचे कारखाने गावोगाव उभे राहिले. कुणी खिडक्यांच्या काचा करी, कुणी बरण्या, कुणी फुलदाण्या. त्यांच्याकडची फुटकी, उरलेली काच घेऊन गोट्यावाले आपल्या भट्टीत टाकीत. एकाचा केर तो दुसऱ्याचा माल.

पहिल्या शनिवारी आम्ही पूल ओलांडून वेस्ट व्हर्जिनियाच्या दोन नंबरच्या रस्त्यानं नदीच्या कडेकडेनं वर गेलो. हा रस्ता फार सुंदर आहे. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला डोंगर, आणि सोबतीला आगगाडीचे रूळ. आधी लागतं सेंट मेरीज, मग सिस्टर्सव्हिल, मग पेडन सिटी. सिस्टर्सव्हिल म्हणजे बहिणींचं गाव. सारा आणि डिलायला वेल्स या दोघी बहिणींवरून ते नाव पडलं. १८९० च्या दशकात तिथं तेल लागलं होतं, त्या श्रीमंतीची मोठमोठी विटांची घरं अजून उभी आहेत. मुलांना मात्र तिथली नदी ओलांडायची तरच जास्त आवडली.

लॉरेन्स ॲली नावाच्या गृहस्थानं १९३० च्या दशकात या गावांत आणि आतल्या बाजूच्या पेन्सबरोत, असे जागा बदलत बदलत गोट्यांचे कारखाने चालवले. त्यांच्या गोट्यांत रंग घुसळलेले असतात. ताक घुसळताना लोण्याच्या रेघा वर येतात ना, तशा. त्यांना इथे 'स्वर्ल' म्हणतात. शिवण शोधायला गेलं तर रंगाच्या लाटांतच हरवते. या खोऱ्यात अशा घुसळलेल्या गोट्या करणारे पुष्कळ होते. रेव्हन्सवुडला एक, पेन्सबरोला एक, कैरोला एक. (कैरो लिहितात, पण उच्चार 'केरो'. इजिप्तचं नाव घेतलंत तर लोक हसतात!) यांपैकी कुणाची गोटी कोणती, यावर जाणकारांतही भांडणं होतात. माझं मत विचाराल तर जिथं शंका आहे तिथं 'वेस्ट व्हर्जिनियाची घुसळलेली' एवढंच लिहावं. ठामपणे नाव सांगणाऱ्याकडून महाग गोटी घेऊ नये.

ॲलीचा सेंट मेरीजचा कारखाना १९४९ साली बेरी पिंक आणि सेलर्स पेल्टियर यांनी घेतला आणि तो 'मार्बल किंग' झाला. १९५८ साली तिथं आग लागली आणि कारखाना पेडन सिटीला आला. पेडन सिटीतला तो कारखाना आम्ही फाटकाबाहेरूनच बघितला. दिसायला अगदी साधा, आपल्याकडच्या सूतगिरणीच्या गोदामासारखा. पण आजींच्या बरणीतला पहिला पुरावा हाती लागला तो इथलाच. मार्बल किंगनं पन्नासच्या दशकात एक युक्ती काढली. आत साधी काच, आणि वर रंगीत काचेचा पातळ थर, थेट साखरेच्या पाकात घोळवलेल्या शेंगदाण्यासारखा! म्हणून त्यांच्या गोट्यांवर रुंद, ठसठशीत पट्टे आणि ठिगळं दिसतात, आणि टवका उडाला तर आतला वेगळा रंग उघडा पडतो. पिवळी-काळी ती 'बंबलबी' म्हणजे भुंगा, लाल-काळी ती 'वास्प' म्हणजे गांधीलमाशी. मुलांनाही लगेच ओळखता येतात. आता बघा, जो माणूस १९५० साली लढाईवर गेला, त्याच्या लहानपणच्या बरणीत भुंगा कसा असेल?

दुसरा पुरावा म्हणजे आपली लाडकी पानवाली गोटी. हिला इथे 'कॅट्स आय', मांजरीचा डोळा म्हणतात. ती मुळात जपानची. १९५० च्या सुमारास जपाननं ती अमेरिकेच्या बाजारात अशी काही ओतली की इथल्या कारखान्यांची धंद्यात दाणादाण उडाली. अमेरिकेतल्या मुलांनी तिच्यापुढे घुसळलेल्या, पट्ट्यांच्या गोट्यांकडे पाठ फिरवली. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत इथल्या कारखान्यांनीही मग नाइलाजानं मांजरडोळे करायला घेतले. इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावच्या पेल्टियर कारखान्याचा मांजरडोळा एकाच जाड पानाचा, केळ्याच्या आकाराचा असतो, त्याला 'बनाना'च म्हणतात. पूर्वेकडून आलेल्या गोटीची काच बऱ्याचदा बाटलीसारखी किंचित हिरवट दिसते. पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, म्हणजे कळेल. साताऱ्याच्या वाण्याच्या बरणीत दिसायची ती आमची गोटी याच घराण्यातली. आणि तिच्यामुळे या खोऱ्यातले कारखाने अडचणीत आले होते, हे वाचून मला जरा ओशाळल्यासारखंच झालं!

दुसऱ्या शनिवारी पार्कर्सबर्गहून पन्नास नंबरच्या रस्त्यानं क्लार्क्सबर्ग आणि तिथून वेस्टन. क्लार्क्सबर्ग हे आजींचं माहेर. वडील काचेच्या कारखान्यात. आणि याच गावात 'ॲक्रो ॲगेट' ही गोट्यांची सर्वांत मोठी कंपनी १९१४ ते १९५१ पर्यंत होती. नावातला 'ॲक्रो' ॲक्रन शहरावरून आला. कंपनी तिथंच निघाली आणि गॅससाठी इकडे आली. तिची खूण म्हणजे चोचीत आणि पायांत गोट्या धरून उडणारा कावळा. कारखाना तर केव्हाच बंद झाला. पण वेस्टनच्या 'म्युझियम ऑफ अमेरिकन ग्लास' या संग्रहालयात गोट्यांची कपाटंच्या कपाटं आहेत, आणि तिथं ॲक्रोचा माल मनसोक्त बघायला मिळतो.

ॲक्रोची सगळ्यांत पक्की ओळख म्हणजे मळसूत्री गोटी, 'कॉर्कस्क्रू'. भट्टीच्या तोंडाशी एक फिरतं पेलं बसवून त्यांनी काच पडता पडताच तिला पीळ दिला. त्यामुळे दोन किंवा जास्त रंग एकमेकांत न मिसळता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जिन्यासारखे वळत जातात. घुसळलेल्या गोटीत रंग वाट्टेल तसे धावतात, इथे शिस्तीत. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा चुकत नाही. यांत पांढऱ्या तंतूंची पारदर्शक काच आणि शिवाय दोन रंग असले तर ती 'पॉपाय'. तीसच्या दशकात ती पॉपाय खलाशाचं चित्र असलेल्या खोक्यांतून विकत, म्हणून ते नाव. गर्द तपकिरी लाल रंगाची, काळ्या तंतूंची 'ऑक्सब्लड' म्हणजे बैलाचं रक्त. नाव काही मला आवडलं नाही, पण रंग अगदी तसाच दिसतो खरा. आणि 'मूनी', चांद्रगोटी! दुधाळ, अर्धपारदर्शक, टेबलावर ठेवली तर साबुदाण्याच्या दाण्यासारखी. पण दिव्यापुढे धरा, आत केशरी निखारा पेटतो. मला विचाराल तर या सगळ्या कपाटांतली सर्वांत देखणी तीच.

याच ॲक्रोनं तीसच्या दशकात काचेची भातुकलीही काढली. इवल्याशा कपबशा, चहाची किटली, ताटल्या, सगळं गोट्यांच्याच घुसळलेल्या रंगांत. दुसऱ्या महायुद्धात जपानी खेळणी यायची थांबली तेव्हा ती भातुकली जोरात खपली. ती बघताना आमची मुलगी काचेला नाक लावून उभी. तिला हलवून हलवून बाहेर काढावं लागलं.

एक कूळ मात्र सांगायचं राहिलं. आमच्या उत्तरेला पन्नास मैलांच्या आत केंब्रिज नावाचं गाव आहे. तिथं १९२७ पासून तीसच्या दशकाच्या सुरवातीपर्यंत 'ख्रिस्टेनसेन ॲगेट' कारखाना चालला. ॲक्रनच्या ख्रिस्टेनसेनशी याचा काही संबंध नाही, नुसता नावाचा सारखेपणा. थोडीच वर्षं चालला, पण त्याचे रंग असे भडक, झगझगीत, की जाणकार त्यांना विजेचे रंग म्हणतात. 'गिनी' या त्यांच्या गोटीवर ठिपक्या-ठिपक्यांचा सडा असतो, गिनी कोंबडीच्या अंगावर असतो तसा. ती शेकडो डॉलरना जाते. म्हणूनच तिच्या नकलाही निघतात. जुनी म्हणून कुणी गिनी दाखवली तर आधी हात मागे घ्यावा.

तर आता आजींच्या जेवणाच्या टेबलाकडे येते. बरणी मी रिकामी केली ती जाड टॉवेलवर, एकेक गोटी उचलून. साधनं म्हणाल तर भिंग, खिडकीचा उजेड, जाडी मोजायची पट्टी आणि एक जांभळा दिवा, आपल्याकडे दुकानदार नोटा तपासतात तसा. काही जुन्या काचेत रंगासाठी युरेनियम घालत; त्या दिव्याखाली अशी गोटी हिरवीगार चकाकते. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं युरेनियमवर निर्बंध आणले, ते १९५८ पर्यंत होते. तेव्हा आजींच्या बरणीत जी चकाकेल ती बहुधा युद्धाआधीची, एवढा अंदाज करता येत होता. नुसत्या चकाकीवर निकाल देऊ नये, पण शिवणीची साक्ष जुळली तर ती भक्कम होते.

आम्ही तीन राशी केल्या. मांजरडोळे आणि भुंगे-गांधीलमाशा या उघडउघड मुलांच्या, साठच्या दशकातल्या. ती रास सर्वांत मोठी झाली. मळसूत्री, चांद्रगोट्या, बैलरक्ताच्या, पिवळी दिव्याखाली पेटणारी एक, या भावाच्या. त्या राशीत चार मातीच्या गोट्याही होत्या, बोटाला खरखरणाऱ्या. मातीच्या गोट्या ॲक्रनमध्ये सॅम्युअल डाइकनं १८८० च्या दशकात ढिगानं करायला सुरवात केली होती. आणि दोन स्लॅग, त्यांतल्या एकीवर अगदी रेखीव नऊचा आकडा. म्हणजे भावाच्याही आधीच्या. आजी म्हणाल्या, "मग त्या बाबांच्या असणार." वडिलांच्या गोट्या भावाकडे आल्या असतील हे त्यांना इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं.

तिसरी रास कशाची, तर ज्यांच्याबद्दल सांगता येत नाही त्यांची. एकरंगी, अपारदर्शक गोट्या तीसच्या दशकापासून चायनीज चेकर्स या पटावरच्या खेळासाठी लाखांनी निघाल्या आणि पुढेही निघत राहिल्या. घुसळलेल्यांचंही तसंच. त्यांना मी जबरदस्तीनं कुठल्या राशीत ढकललं नाही. आजींना वाईट वाटेल अशी भीती होती. पण त्या राशीत बोटं फिरवत त्या म्हणाल्या, "या मामाच्या आणि भाच्यांच्या, दोघांच्या. ते एकमेकांना कधी भेटलेच नाहीत."

भावाच्या गोट्यांवर काचेच्या आत बारीक चंद्रकोरी दिसत होत्या. गोटीवर गोटी जोरात आपटली की अशी कोर उमटते. वर टवका न उडता आत तडकते. संग्राहकांच्या लेखी हा मोठा दोष, किंमत निम्म्याहून खाली येते. आजी मात्र भिंगातून एकेक कोर मोजत बसल्या. "हा त्याचा नेम," म्हणाल्या. मग हळूच सांगितलं, की भाऊ त्यांना खेळायला घेत नसे, पण चांद्रगोट्या सांभाळायला त्यांच्याचकडे देई. म्हणजे हा कायदा नुसता साताऱ्याचाच नव्हे! अमेरिकेत राष्ट्रीय गोट्यांची स्पर्धा १९२२ पासून भरते. दहा फुटांचं रिंगण, मध्ये फुलीच्या आकारात तेरा गोट्या. पण मुलींचा विजेता निवडायला १९४८ साल उजाडावं लागलं.

व्यापारी परत आला तेव्हा तीन ट्रे मांडलेले बघून त्याचा चेहरा पडला. पहिल्या ट्रेचे तो बरणीच्या कितीतरी पट द्यायला तयार झाला. नेमका तोच विकायचा नव्हता. मांजरडोळ्यांचे त्याला पैसे द्यायचे नव्हते, ते आमच्या मुलांना मिळाले. परसात त्यांनी गल खणली आहे आणि मुलगीच जास्त जिंकते.

आता तुमच्यासाठी थोडं कामाचं. तुमच्यापैकी कुणी मुलाकडे, लेकीकडे अमेरिकेत जाल, किंवा घरात जुन्या परदेशी गोट्या असतील, तर विकण्याआधी किंवा वाटून टाकण्याआधी नीट बघा. शिवण एक की दोन, ती कुठं हरवते, रंग वरच्या वर आहे की आतपर्यंत गेला आहे, एवढं पाहिलंत तरी निम्मं काम झालं. दोन्ही टोकांना समोरासमोर शिवण आणि मध्ये पट्टे असले तर पेल्टियर, व्हिट्रो ॲगेट किंवा मार्बल किंग यांच्यापैकी कुणाची तरी असण्याचा संभव धरावा. पेल्टियरच्या जुन्या पट्टेवाल्यांना संग्राहकांनी मजेदार नावं ठेवली आहेत. पांढऱ्यावर लाल-हिरवे पट्टे असले तर ती 'ख्रिसमस ट्री', निळ्यावर लाल-पिवळे असले तर 'सुपरमॅन'. मोजताना इंचाचे भाग बघा. खेळायची नेहमीची गोटी इंचाच्या आठ भागांपैकी पाच, म्हणजे जवळजवळ सोळा मिलिमीटर. नेम मारायची पाऊण इंच किंवा मोठी.

धुवायच्या तर कोमट पाण्यात, भांड्याच्या तळाशी फडकं घालून, एका वेळी एकच. थंड गोटी एकदम कढत पाण्यात टाकली तर आतली चंद्रकोर वाढून गोटी तडकते. घासणी, राख, चिंच, काही लावायचं नाही. चमक यावी म्हणून पॉलिशही करून घेऊ नये. पॉलिशनं भट्टीतून निघालेलं मूळ अंग जातं, शिवण पुसट होते, आणि मग ओळखायला काही उरत नाही. पत्र्याच्या डब्यात खळखळत ठेवू नयेत. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे मिळतात ते उत्तम, एका खळग्यात एक. प्रत्येक ओळीखाली कागदाची चिठ्ठी घालावी, कुणाची, कुणाकडून आली, साधारण कोणत्या सालची. पेन्सिलीनं लिहावं, शाई दमट हवेत उतरते. आणि घरात रांगतं मूल असेल तर ट्रे वरच्या फळीवरच.